उस्ताद, टँकरचं काय ठरलं ते सांगतो

उस्ताद,

सप्रेम नमस्कार. लांब मेसेज तुम्ही स्वतः वाचत नाही, नातीकडून वाचून घेता. म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं. ती वाचून दाखवेलच, आणि लायसनच्या मागे लागलेली आपल्या गल्लीतली पोरंही वाचतील.

पहिले आभार लायसनचे. जो भेटेल तो सांगत होता, आठवी पासचा दाखला लागतो, एजंट बघून घेईल, पैसे तयार ठेव. तुम्ही एका वाक्यात मोकळं केलंत: शिक्षणाची अट २०१९ मध्ये निघाली, कुणाला काही देऊ नकोस. पण हलक्या गाडीचं लायसन हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय मोठ्या गाडीचं शिकाऊसुद्धा मिळत नाही, वयही वीस पूर्ण लागतं, हे तुम्हीच सांगितलंत. ते वर्ष घरी बसून काढायचं नाही म्हणून मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून चिकटवलंत. ताडपत्री ओढणं, रस्सी आवळणं, थांबलं की टायर ठोकून बघणं. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद हा रस्ता स्टिअरिंगला हात लावायच्या आधीच पाठ झाला होता.

आता टँकरचं. हेवी लायसन आल्यावर सोलापूरजवळच्या पाकणीकडच्या एका मालकाने विचारलं, डबल ड्रायव्हरवर येतोस का? साखर कारखान्यातून इथेनॉल भरायचं आणि लांबच्या डेपोत खाली करायचं. एक चालवणार, एक मागे झोपणार, गाडी थांबणार नाही. पैसे कांद्यापेक्षा बरे. आई म्हणाली घे. मामा म्हणाले पेटती चूल घेऊन फिरायचं का. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. विचारलंत एवढंच, "दुसऱ्याच्या हातात गाडी असताना तुला झोप लागते का?"

मला हसू आलं होतं. मग तुम्ही चहा मागवलात आणि सगळं उलगडून सांगितलंत. कायद्यात ड्रायव्हरचे दिवसाचे तास आठ. एकटा माणूस लाइनवर किती चालवतो ते दोघांनाही ठाऊक आहे, त्यावर बोलायला नको. नॅशनल परमिटच्या, म्हणजे राज्याबाहेर माल नेणाऱ्या गाडीवर पूर्वी दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, २०१८ मध्ये ती अट गेली आणि बऱ्याच गाड्यांवरचा दुसरा माणूस कमी झाला. म्हणजे जोडी मिळतेय हे वाईट नाही. पण जोडीदार ब्रेक दाबत-सोडत चालवणारा असेल, तर मागे पडलेल्याचा डोळा लागत नाही, आणि मग रात्री दोनला स्टिअरिंगवर बसतो तो न झोपलेला माणूस. एका गाडीत दोन थकलेले ड्रायव्हर, त्यापेक्षा एकटा बरा, असं तुम्ही म्हणालात. मालक, पगार, गाडीचं मॉडेल हे सगळं विचारून झालं होतं माझं. जोडीदार कोण, हे मी विचारलंच नव्हतं.

त्यात माल पातळ. कांदा भरला की बसतो तिथे बसतो. टँकर अर्धा असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, आतला माल थांबत नाही. तो पुढे येऊन आदळतो आणि गाडीला ढकलतो. आत छिद्रांचे आडवे पडदे असतात, त्यांनी पुढचा-मागचा धक्का कमी होतो, पण वळणावर डावीकडे-उजवीकडे झुलणाऱ्या मालाला ते फारसं अडवत नाहीत. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. तुळजापूरच्या घाटात तुम्ही मला रिकामी गाडीसुद्धा न्यूट्रल करू दिली नव्हती, त्याचं कारण तेव्हा नीट कळलं.

आणि ते कार्ड! पेट्रोल, डिझेल, इथेनॉल असला माल न्यायचा तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि लायसनवर तशी नोंद. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं नियमात आहे. म्हणजे आठवीची अट गेली तरी टँकरवाल्याला अक्षरओळख सुटत नाही. तुम्ही जुनं आपत्कालीन कार्ड, म्हणजे माल सांडला-पेटला तर काय करायचं ते लिहिलेलं, पुढे ठेवून मोठ्याने वाचायला लावलंत. टँकरच्या पाटीवर १२०३ म्हणजे पेट्रोल, ११७० म्हणजे इथेनॉल. इथेनॉलची ज्योत भर उन्हात धड दिसत नाही, आग विझवायचा साधा फेस त्यावर टिकत नाही, वेगळा फोम लागतो. भरताना आधी अर्थिंगची तार, मग बाकीचं. टाकी काठोकाठ भरायची नाही, आपल्याकडच्या उन्हात माल फुगतो. हे सगळं प्रशिक्षणात शिकवतात म्हणे, पण मी तिथे कोरा जाणार नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, तर तुम्ही म्हणता एसीने झोप येते. उस्ताद, सोलापूरच्या मे महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसून आयुष्य काढलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

तर ठरलं असं. डबल ड्रायव्हरला मी सध्या नाही म्हटलंय, कायमचं नाही. आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण, मग जमेल तितके महिने पाकणीच्या डेपोतून आसपासच्या पंपांवर डिझेलचा टँकर. रात्री घरी, आईही खूश. मालकाला तुमचाच प्रश्न जरा फिरवून विचारला: ज्याच्याबरोबर मला पाठवणार, त्याच्यासोबत आधी साध्या मालाच्या गाडीवर हैदराबादला जाऊन येऊ का? मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, ये जाऊन.

ती फेरी पुढच्या आठवड्यात आहे. जाताना जोडीदार चालवणार, येताना मी. झोप लागली की नाही ते आल्यावर घरी येऊन सांगतो. काकूंना सांगा शेंगाचटणी मी आणतो, भाकरी त्यांच्या हातची.

तुमचा,
कांद्याच्या गाडीवरचा क्लीनर