डिझाइन कुणाचं, गाऊन कुणाचा!

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला 'घरबसल्या टेक्स्टाइल डिझायनर व्हा' हा लेख वाचला. छान आहे. चित्रकलेची आवड, एक टॅब आणि थोडी जिद्द असली की झालं म्हणे! सोबत फोटो काय, तर एक मुलगी साडीवर ब्रशने मोर रंगवतेय. अहो, ते फॅब्रिक पेंटिंग. छापील कापडाचा डिझायनर कापडाला हातही लावत नाही, तो रिपीट बसवतो, म्हणजे एकच नक्षी पुन्हापुन्हा छापली तरी सलग दिसेल अशी जुळवतो. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे कापडावर फिरत रंग छापणाऱ्या जाळीदार नळकांड्याचा, घेर बहुधा 64 सेंमी असतो. तेवढ्यात फुलांची वेल वरून-खालून अशी मिळावी लागते की सांधा शोधून सापडू नये. शिवाय रंग तितके स्क्रीन. एक रंग वाढवा म्हटलं की कारखानदाराच्या कपाळाला आठ्या. यावर लेखात एक ओळ नाही.

ते एक वेळ सोडा. 'आपली डिझाइन्स व्यापाऱ्यांना दाखवा, संधी चालून येतील' हा सल्ला मात्र वाचवेना. मी दाखवली होती. 'ठेवून जा मॅडम, शेठना दाखवतो' म्हणत भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने पोस्टर कलरमधले माझे कागद ठेवून घेतले आणि नंतर 'चालणार नाही' म्हणून परत केले. पुढे दिवाळीच्या गर्दीत ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गाऊनच्या ढिगात माझी जास्वंद! गुलाबीची जांभळी केलेली, पण पानांच्या कडेला कोरड्या ब्रशने ओढलेल्या रेघा माझ्याच. कागदावर मी नुसता एक तुकडा रंगवला होता, रिपीट लावलं नव्हतं. चोराला ते लावता आलं नाही. त्यामुळे गाऊनवर ठरावीक अंतराने आडवा पट्टा आणि देठ मधेच छाटलेले. चोरी करायची तर निदान नीट करावी! विक्रेता म्हणतो, 'ताई, सुरतचा माल आहे, रंग जाणार नाही.'

लेखिकाबाईंनी मुलींना कायदाही सांगायला हवा होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 नुसार, नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि तुमच्या संमतीने ते यंत्रावर 50 पेक्षा जास्त वेळा छापलं गेलं, की त्यातला कॉपीराइट संपतो. रिपीटच मोजायचे तर पन्नास म्हणजे जेमतेम 32 मीटर कापड! डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केली तर दहा वर्षं, वर पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. पण ती डिझाइन बाजारात यायच्या आधी करावी लागते, म्हणजे व्यापाऱ्याच्या गादीवर कागद पसरण्याआधी. एवढं छापायला चौकटभर जागा पुरली असती. मोराला अर्धं पान दिलंत.

आणि हो, त्या मोराचा निळा रंग सरकलाय, बिचाऱ्याला दोन चोची दिसतात. आमच्याकडे असा माल परत येतो. ठाण्यात येणाऱ्या अंकात हे नेहमीचंच झालंय, छपाई विभागाला कृपया कळवावं.

– एक निवृत्त टेक्स्टाइल डिझायनर, नौपाडा, ठाणे (प.)