सियागंजच्या काकांचे आभार

घरी बांधत असलेल्या आमच्या छोट्या विमानाचं इंजिन स्टँडवर सुरू केलं की ऑइल प्रेशरचा काटा लवकर हलतच नसे. 30 सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करायचं, त्यामुळे इंदूरच्या थंडीत रोज सकाळी जीव टांगणीला. तेलाचा पंप उघडणारच होतो. सियागंज बाजारातल्या गेजवाल्या (दाबमापकवाल्या) काकांनी आधी दुसरा गेज थेट इंजिनाला लावायला सांगितला. काटा झटकन वर! दाब होताच, गेजपर्यंत उशिरा पोहोचत होता. गेजकडे जाणाऱ्या बारीक लांब नळीत थंडीने घट्ट झालेलं तेल, त्यात अडकलेली हवा. काकांसोबतच्या मुलाने जोड सैल करून हवा काढली, नळीत पातळ तेल भरलं, कोपरापर्यंत हात काळे करून घेतले. पैसे घेतले नाहीत, पोहे तेवढे खाल्ले. काका, गडबडीत तुमचं नावही विचारलं नाही. मनापासून आभार!