आखाड्यावरच्या कुत्र्यालाही गोळी लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील विनोदी सदरात आलेला कुत्र्यांच्या गोळ्यांवरचा मजकूर वाचून मी हसलो, हे आधीच कबूल करतो. अमेरिकेतील उदारमतवादी मंडळी निवडणुकीचा निकाल ऐकून स्वतः चिंतेच्या गोळ्या घेतात आणि उरलेल्या कुत्र्याला देतात, हे लोण आता आपल्याकडच्या पुरोगाम्यांपर्यंत आले असून त्यांचा कुत्रा भुंकण्याआधी ‘कोणाच्या भावना तर दुखावणार नाहीत ना’ असा विचार करतो व त्या विचारानेच त्याला औषध लागते, असा तो एकंदर विनोद होता. मी पुरोगामी म्हणवून घेणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरातील मते वर्षानुवर्षे दुसऱ्या बाजूला पडत आली आहेत. त्यामुळे हे पत्र त्या मंडळींची बाजू घेण्यासाठी नाही. ती त्यांची तेच घेतील, आणि बहुधा माझ्यापेक्षा लांब पत्रात घेतील. माझी तक्रार कुत्र्याच्या वतीने आहे. लातूर आणि शेजारच्या जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीची सगळी वर्षे ढोरांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसाला ती करण्याचा थोडाफार अधिकार असावा.

काही वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी औसा तालुक्यातील एक ओळखीचे शेतकरी मोटारसायकलवर मला न्यायला आले. त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरचा कुत्रा पश्मी रक्ताचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील जानवळची कुत्री ज्यासाठी प्रसिद्ध आहेत त्या लांब पायांच्या, निमुळत्या तोंडाच्या जातीचा होता. रानडुकराच्या अंगावर जायला त्याने कधी मागेपुढे पाहिले नव्हते. मी गेलो तेव्हा हा गडी पत्र्याच्या खोलीत, ज्वारीची कणगी आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत अंग चेपून उभा होता. खाली लाळेचे थारोळे साचले होते, पत्र्याचे दार आतून ओरबाडल्यामुळे पुढच्या दोन्ही पंजांची नखे उखडून रक्त आले होते, आणि रात्री शेजारच्या आखाड्यावर सुतळी बॉम्ब फुटून दहा तास उलटले तरी त्याची मागची मांडी थरथरत होती. आणखी एक गोष्ट मला त्याच्या डोळ्यांकडे पाहून जाणवली आणि मी विचारले, तेव्हा घरातील मुलाने सांगितले की रात्री मेडिकलवरून आणलेली माणसाच्या झोपेची अर्धी गोळी भाकरीत घालून चारली होती. त्या गोळीने झोप येण्याऐवजी तो उलट पिसाळल्यासारखा झाला. अशा झोपेच्या गोळ्यांनी काही कुत्र्यांत असे उलटेही होते.

दवाखान्यात का आणला नाही, असे विचारल्यावर त्या शेतकऱ्यांनी जे उत्तर दिले, त्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ते म्हणाले, ‘‘साहेब, जखम आसली तर आणलं आसतं. भेलंय म्हणून कुत्रं दवाखान्यात आणलं तर लोक काय म्हणतील? पुण्या-मुंबईचे चाळे म्हणतील.’’ म्हणजे मागे जो विनोद आपल्याला निरुपद्रवी वाटतो, त्याचे काम पुढे असे चालते. कुत्र्याच्या भीतीवर उपचार करणे ही विशिष्ट प्रकारच्या लोकांची हौस आहे असे एकदा ठरले की बाकीचे लाजतात, आणि लाजेपोटी घरातल्या घरात जे करतात ते गोळीपेक्षा फार वाईट असते. अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची, झोपेची गोळी औषधांच्या ‘एच-१’ अनुसूचीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरी ती भाकरीत कशी पोचते, हे मेडिकलवाल्यांनी सांगावे. मांजराला तर माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते, आणि ताप आला म्हणून ती देणारी चांगली शिकलेली घरे मी पाहिली आहेत.

दुसऱ्याची चूक सांगितली तशी स्वतःचीही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला अशा भ्यालेल्या कुत्र्याला आम्ही शामक इंजेक्शन द्यायचो. कुत्रा दहा-पंधरा मिनिटांत मान टाकायचा, मालक खूश व्हायचा आणि आपण काहीतरी केले असे मलाही वाटायचे. पुढे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी माझा हात धरून तशाच पडलेल्या एका कुत्र्याच्या छातीवर ठेवला. डोळे अर्धवट उघडे, पाय सुटलेले, आणि आत काळीज घोडा दौडावा तसे दौडत होते. ॲसिप्रोमाझिनसारख्या औषधाने शरीर शिथिल होते पण भीती जात नाही, उलट आवाजाची संवेदना वाढू शकते. त्याला पळता येत नाही एवढेच, असे त्यांनी समजावले. त्या दिवसापासून ‘कुत्रा शांत झाला’ हे वाक्य मी जपून वापरतो.

भीतीवरची खरी औषधे वेगळी आहेत आणि ती गुंगीची नाहीत. फ्लुओक्सेटिन हे माणसाच्या नैराश्यावरचे औषध कुत्र्याच्या मेंदूतही सेरोटोनिन या रसायनावरच काम करते, पण त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे दिवाळीची भीती असेल तर दसऱ्याच्या आधीच पशुवैद्यकाकडे जायला हवे, नरकचतुर्दशीला पहाटे नव्हे. एखाद्या रात्रीपुरती लागणारी औषधे वेगळी असतात आणि ती आवाज सुरू होण्याच्या आधी द्यावी लागतात. दोन्हीबरोबर कुत्र्याला सवय लावण्याचे काम करावेच लागते, आणि तिथेच बहुतेकांचा उत्साह संपतो.

आता राजकारणाचेच बोलायचे, तर अमेरिकेतील नोंदी पाहाव्यात. मालक घराबाहेर गेल्यावर कुत्र्याला होणाऱ्या चिंतेवर क्लोमिप्रामिन या औषधाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली, तेव्हा क्लिंटन अध्यक्ष होते. त्याच आजारासाठी फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा धाकटे बुश होते, आणि त्यांना उदारमतवादी म्हणण्याचे धाडस आपल्या विनोदी लेखकांनाही होणार नाही. फटाक्यांच्या भीतीवर हिरडीला लावायचे जेल २०१६ मध्ये बाजारात आले, तेव्हा ओबामा. आणि दवाखान्यात नेताना घाबरणाऱ्या मांजरांसाठी प्रीगाबालिनच्या द्रावणाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा बायडेन. उदारमतवादी पक्षाचे तीन, दुसऱ्या बाजूचा एक असा हिशेब निघतो म्हणून कोणी टाळ्या वाजवू नयेत. औषध विकत घेताना मालकाला ‘मत कोणाला दिले’ असे तिथल्या कोणत्याही काउंटरवर विचारत नाहीत.

शिवाय ही भीती काल-परवाची नाही. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला तेव्हा रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली आणि पाणी नाकापर्यंत आल्यावर त्यांना पोहत बाहेर काढावे लागले. घंटा वाजली की लाळ गाळण्याबद्दल जगप्रसिद्ध झालेल्या त्या कुत्र्यांपैकी काही नंतर शिकवलेले सगळे विसरली, आणि पुढे कितीतरी दिवसांनी दाराखालून पाण्याचा नुसता ओघळ आत सोडला तरी त्यांची घबराट परत येई. सोव्हिएत राजवटीतली कुत्री म्हणून त्यांना डावी ठरवायचे असेल, तर माझा नाइलाज आहे.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव वाचले, पण माळवदाची माती उजाडेपर्यंत अंगावर पडत राहिली. त्यानंतर आमच्या घरचा खंड्या पुढचे सहा-सात महिने उंबऱ्याच्या आत आला नाही. भाकरीचा तुकडा आत ठेवला तर मान लांब करून तो ओढून घ्यायचा, पण मागचे दोन पाय अंगणातच; रस्त्याने मालमोटार गेली की पेठेच्या टोकापर्यंत धावत सुटायचा. आम्हीही तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर उघड्यावर झोपत होतो आणि मालमोटारीच्या आवाजाने दचकून उठत होतो. आम्हाला कोणी नाजूक म्हटले नाही. खंड्याला मात्र माझे चुलते ‘भित्रं’ म्हणत, आणि ते स्वतः त्या वर्षी बाज उचलून खळ्यात झोपायला गेले होते.

आवाजाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण या विषयावर आपल्या स्तंभात पुष्कळ छापून येते. माणसाला वरच्या टोकाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे हे आकडे मोठ्याने वाचून दाखवले तर ते वाचणाऱ्यालाही ऐकू येणार नाहीत. आणि त्या मिरवणुकीत सर्व पक्षांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून नाचतात, हेही नमूद करतो.

हसायचेच असेल तर जागा आहे, आणि ती मी आपल्या सदरलेखकांना आनंदाने दाखवतो. हजारो रुपये मोजून हस्की आणायचा, त्याला लातूरच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दहा तास साखळीला बांधून नोकरीला जायचे, आणि तो रडतो म्हणून शेजारी ओरडले की दवाखान्यात येऊन ‘काहीतरी गोळी द्या’ म्हणायचे, असे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यात भगवी गाडी होती, निळी होती, आणि मागच्या काचेवर क्रांतिकारकाचे चित्र असलेलीही होती. गोळी ही कुत्र्याच्या भीतीसाठी असते, मालकाच्या वेळेच्या टंचाईसाठी नसते; हे न कळणारा माणूस विनोदाला योग्य आहे, मग तो कोणत्याही सभेला जावो. पैठणच्या नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात कावडीतले पाणी ओतले आणि आमच्याच हिंगोलीकडचे नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, या कथा कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतो, तेव्हा त्या गाढवाची किंवा कुत्र्याची विचारसरणी कोणी विचारत नाही.

औशाच्या त्या शेतकऱ्यांनी त्यानंतरच्या वर्षी पशुवैद्यकांच्या चिठ्ठीने पितृपंधरवड्यातच औषध सुरू केले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारीच खोलीच्या पत्र्याला आतून गोणपाटे टांगली, कोपऱ्यात बाज उभी करून तिच्याआड जुनी वाकळ अंथरली, आणि रेडिओ लावून मुलगा रात्री तिथेच झोपला. कुत्रा कापलाच नाही असे नाही. पण रात्री साडेअकराच्या सुमारास बाहेर माळ फुटत असताना त्याने वाकळीवरच बसून भाकरी खाल्ली, असे मुलाने मला फोन करून सांगितले. तेव्हापासून दरवर्षी पितृपंधरवडा लागला की ते मला आठवणीसाठी फोन करतात.

आपल्या पुरवणीतला तो विनोद मोबाइलवर मला सर्वांत आधी त्यांनीच पाठवला होता, सोबत हसून डोळ्यांतून पाणी येणारे तीन चेहरे लावून.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
लातूर