विषय: लाँग रनमध्ये सुटलेला सेन्सर आणि तुमच्या माणसाने दिलेला 'चाला ना' हा सल्ला

हे वरच्या कुणीतरी वाचावं, परत कॉल सेंटरला पाठवू नये.

आत्ता पाचवा कॉल संपला, रिप्लेसमेंट मिळणार नाही म्हणे. साखर मोजणारा सेन्सर १४ दिवसांचा, सुटला सहाव्या दिवशी, २४ किमीच्या रनमध्ये १७ किमीवर. त्याआधी अर्धा तास ॲपवर साखर ११८, बाण आडवा, म्हणजे स्थिर, आणि इकडे माझे हात थरथरायला लागलेले, ओठ बधिर, म्हणून थांबून बोट टोचून रक्तातली साखर पाहिली तर ५८! साखरेचं जेल घेतलं, १५ मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून राहिले, मग लक्षात आलं की दंडावरचा सेन्सर एका बाजूने उचकटलाय. ७० च्या खाली वाजायचा अलार्म वाजलाच नाही, कारण तुमच्या ॲपच्या लेखी मी ११८ वर होते.

सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, ५ ते १५ मिनिटं मागे असतो, पळताना साखर भराभर उतरली की आणखी मागे पडतो, हे मला माहितीये. पहिल्या दोन्ही कॉलवर हेच समजावलंत. अर्धा तास तोच आकडा म्हणजे लॅग नाही हो, आणि चिकटपट्टी सुटली ती काय लॅगमुळे?

तिसरा कॉल मात्र विसरणार नाही. आधी सीरियल नंबर तिसऱ्यांदा विचारला. मग, "मॅडम, घाम आला होता का?" मी म्हटलं दोन तास पळतेय, येणारच. "मग तो युजर साइडचा इश्यू झाला." मी म्हटलं बॉक्सवर पळणाऱ्या बाईचा फोटो तुम्हीच छापलाय. लाइनवर थोडा वेळ काहीच नाही, आणि मग, "पण मॅडम, शुगर आहे तर इतकं पळायचंच कशाला? चाला ना."

मला टाइप वन डायबेटिस होऊन २२ वर्षं झाली. रनच्या आधीच्या खाण्याचं इन्सुलिन किती कमी करायचं, किती साखरेवर निघायचं, वाटेत दर किती वेळाने कार्ब्स घ्यायचे, आणि घरी आल्यावरही संपत नाही, स्नायू रात्रभर साखर ओढत असतात, झोपेत लो होऊ नये म्हणून काय करायचं, हे शिकण्यात ८ वर्षं गेली. डॉक्टरांनी कधी पळू नको म्हटलं नाही, तुमच्या कस्टमर केअरने म्हटलं.

४ वर्षं तुमचाच सेन्सर लावतेय, ग्रुपमधल्या तिघांना मीच सुचवला, आता त्यांना काय सांगू? फोटो पाठवले, सीरियल नंबर तीनदा दिला, तरी "घामामुळे सुटला, वॉरंटीत बसत नाही". घामात टिकत नसेल तर बॉक्सवर तसं छापा आणि तो फोटो काढा.

सेन्सर बदलून द्या, अर्धा तास ११८ का दिसलं ते लेखी कळवा, आणि त्या वाक्याबद्दल माफी मागा. ७ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन, कॉल रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, तेही मागवीन.

रविवारी परत लाँग रन आहे. दर ३ किमीला थांबून बोट टोचणार आहे.