टँकरचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमची सोसायटी जुळे सोलापुरात आहे, ४८ फ्लॅटची. महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांआड येते, ते संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, साठवून पुरवायचे आणि कमी पडले की टँकर मागवायचा. सोलापूरकराला हे सांगायला नको. पण याच टँकरवरून आमच्याकडे समोरासमोर राहणाऱ्यांचे बोलणे बंद झाले आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकात ‘पाणी व किरकोळ’ अशी एकच ओळ होती. रक्कम तीन लाखांच्या वर. त्यात टँकर किती, मोटारदुरुस्ती किती, काही कळेना. मी उभी राहून विचारले. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, व्हाउचर जुळल्याशिवाय घरी जायचे नाही ही सवय अंगात मुरली आहे. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, रात्री दोनला टँकर आला तर खाली कोण उतरतं? आम्ही फुकट राबतो आणि तुम्ही पावत्या मागता!”

ते राबतात, हे खरे आहे. हातात टॉर्च घेऊन नळी धरून उभे असलेले मी त्यांना स्वतः पाहिले आहे. पण त्या वाक्यावर सभागृहात टाळ्या पडल्या आणि माझा प्रश्न तिथेच राहिला. ४८ पैकी जेमतेम अकरा सभासद हजर होते. अर्ध्या तासात सभा संपली.

नंतर मी लेखी अर्ज दिला. ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्ते कोणत्याही सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात फुकट पाहता येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने हा हक्क दिला आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी तर २०१९ मध्ये या कायद्यात स्वतंत्र प्रकरणच घातले गेले. तरी मला दोन महिने “दप्तर खजिनदारांकडे आहे” एवढेच ऐकावे लागले.

दप्तर मिळाले तेव्हा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दोन बिले दिसली. ठेकेदार तोच, आठवडा तोच, दोन्ही बिले पन्नास हजारांच्या थोडी आत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, २६ ते ५० सभासदांच्या सोसायटीत एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतचा दुरुस्तीखर्च कमिटी आपल्या अधिकारात करू शकते, त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. पैसे कुणी खाल्ले, असे मी म्हणत नाही. काम झाले आहे, यंदा पावसात गच्ची गळली नाही. पण एका कामाची दोन बिले का झाली, हे विचारले की विचारणारी बाईच सोसायटीची वैरी ठरते, याचे मला फार वाईट वाटते.

कमिटीच्या चुकीच्या निर्णयाची जबाबदारी तिच्यातल्या सगळ्यांवर मिळून आणि एकेकट्यावरही येते. मग पावती फाइलला लागलेली असणे सर्वांत जास्त कुणाच्या हिताचे? रात्री दोनला खाली उतरणाऱ्या माणसाच्याच.

आपल्या शहराला लागून कुंभारीत विडी कामगार बायांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरे मिळवली. आमच्यात शिकलेले, निवृत्त झालेले, हिशेब येणारे कितीतरी लोक आहेत. तेही सभेच्या दिवशी खिडकीतून बघतात आणि मेंटेनन्स भरून मोकळे होतात. माझी तक्रार कमिटीइतकीच त्यांच्याबद्दलही आहे.

माझे मागणे मोठे नाही. लिफ्टशेजारी एक वही टांगावी. टँकर आला की तारीख, वेळ, लिटर आणि रक्कम लिहावी, खाली चालकाची आणि हजर असलेल्या कुणाही एका सभासदाची सही घ्यावी. महिनाअखेरीस त्याची बेरीज फळ्यावर लागावी. पत्रकात पाणी वेगळे आणि किरकोळ वेगळे दाखवावे.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की ऊन चढते आणि टँकर सुरू होतात. वही मी आणून ठेवली आहे. पहिले दोन महिने नोंदी करायला मी तयार आहे, रात्री दोनलासुद्धा. कमिटीने फक्त हो म्हणावे.

आपली,
एक सभासद, जुळे सोलापूर