सभा तहकूब, चहा गार

महोदय,

निवृत्तीनंतर हौस म्हणून आमच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला गेलो. १९४९च्या महापालिका अधिनियमानुसार सभा जनतेला खुली असते. तरी दारावरच्या सुरक्षारक्षकाने ‘काका, कुणाकडे काम आहे?’ असे तीनदा विचारले. शेवटी एका ओळखीच्या शिपायाने प्रेक्षक सज्जात बसवले.

विषयपत्रिकेवर फेरीवाल्यांचा प्रश्न होता, म्हणून मी टिपणवही घेऊन गेलो होतो. श्रद्धांजलीचा ठराव झाला, मग सभागृहाबाहेरच्या भांडणावर तासभर. कुणीतरी गणपूर्तीकडे, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीकडे, लक्ष वेधले, डोकी मोजली गेली, एक तृतीयांश भरेनात. सभा तहकूब!

पुढच्या तारखेला तेच सदस्य आले आणि सतरा विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत वीस मिनिटांत उरकले. फेरीवाल्यांचा विषय त्यात कधी सरकला, मला कळलेही नाही. (टपाल खात्यात आम्ही पत्रे याहून सावकाश वर्गीकृत करायचो.)

ठराव आणि उपविधी (महापालिकेने केलेले नियम) यांतला फरकही तिथे कुणी सांगत नाही. उपविधी नुसत्या सभेच्या मंजुरीने लागू होत नाही, त्याला राज्य शासनाची मान्यता लागते. शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन ठराव निलंबित करू शकते. म्हणजे आमच्या गल्लीतला निर्णय मंत्रालयात अडू शकतो.

निदान विषयपत्रिका आणि इतिवृत्त सभेआधी-नंतर संकेतस्थळावर टाकावे. मी नगरसचिव कार्यालयात अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे.

— एक निवृत्त टपाल कर्मचारी