‘अचूक’ हा शब्द जपून छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात परदेशातल्या एका ड्रोन हल्ल्याची बातमी होती. मथळ्यात ‘अचूक हल्ला’ असे शब्द होते आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘मृतांची ओळख पटलेली नाही’ असं लिहिलं होतं. ओळखच पटलेली नाही, तर ज्यांना मारायचं होतं तेच मेले हे ठरवलं कुणी? ज्यात चूक नाही ते अचूक. एवढा मोठा शब्द एवढ्या घाईने छापला जाऊ नये, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी कळव्याला राहतो आणि ड्रोन चालवून पोट भरतो. खारीगाव, दिवा, कोपरखैरणे भागातल्या हळदी, घोडबंदर रोडच्या लॉनवरची लग्नं आणि पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या गच्च्यांची पाहणी, अशी माझी कामं. युद्ध मी बघितलेलं नाही. पण वरून माणूस कसा दिसतो आणि बघणारा कसा फसतो, हे मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये वर्तकनगरच्या बाजूला एका सोसायटीची गच्ची तपासायची होती. गळती कुठून होते ते बघायला ड्रोन वर नेला, कॅमेरा खाली वळवला, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारा माणूस उताणा पडलेला दिसला. हालचाल नाही. एक हात अंगाखाली मुडपलेला. डोक्याशेजारी काळपट ओला डाग आणि तो हळूहळू पसरत होता. मी ड्रोन जागच्या जागी थांबवला आणि झूम केलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की बनियनची शिवण दिसत होती. मी सेक्रेटरींना म्हणालो, “तिकडे कुणीतरी पडलंय, डोकं फुटलंय, रक्त येतंय.” त्यांनी स्क्रीनवर बघितलं, त्यांनाही रक्तच दिसलं. आम्ही धावत उतरलो, वॉचमनला घेतलं आणि शेजारच्या इमारतीचे पाच मजले चढलो. आजोबा टाकीच्या सावलीत गाढ झोपले होते. कावळ्यांपासून कुरडया राखायला सुनेने बसवलं होतं, त्यांचा डोळा लागला. उशाची कळशी कलंडून पाणी तापलेल्या कोब्यावर पसरत होतं.

मी ‘बहुतेक’ म्हणालो नव्हतो. ‘रक्त’ म्हणालो होतो. चित्र अंधूक असतं तर मी नक्की शंका घेतली असती. ते स्वच्छ होतं म्हणून शंका मनात आलीच नाही. सेक्रेटरींचंही तसंच झालं. मी आधी ‘रक्त’ म्हटल्यावर त्यांना दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये पाण्यामुळेच घात झाला. अमेरिकेच्या ड्रोननी एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा सुमारे आठ तास माग काढला. गाडी चालवणारा माणूस एका मदतसंस्थेत काम करत होता आणि घरी न्यायला पाण्याचे कॅन भरत होता. बघणाऱ्यांना ती स्फोटकं वाटली. गाडी घराच्या अंगणात शिरली तेव्हा क्षेपणास्त्र सोडलं गेलं. दहा माणसं गेली, त्यातली सात मुलं होती. अमेरिकेच्या सेनादलप्रमुखांनी सुरुवातीला या हल्ल्याचं समर्थन केलं. चूक कबूल झाली ती १७ सप्टेंबरला, म्हणजे १९ दिवसांनी. पुढे चौकशी करणाऱ्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने सांगितलं की, क्षेपणास्त्र सुटण्याच्या दोन मिनिटं आधी फुटेजमध्ये एक मूल दिसत होतं, पण ते मुद्दाम शोधलं तरच दिसण्यासारखं होतं. डिसेंबरमध्ये निर्णय झाला की कुणालाही शिक्षा होणार नाही.

ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. फुटेज मी रोज तपासतो. लग्नाचं चित्रीकरण कापायला बसलो की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोपऱ्यातला माणूस दिसतो, जो उडवताना दिसलेला नसतो. दिसला नाही कारण डोळे नवरीवर होते. काबूलमध्ये डोळे स्फोटकांवर होते. क्षेपणास्त्र जिथे सोडलं तिथेच पडलं. नेम चुकला नाही, माणूस चुकला. याला मराठीत अचूक म्हणायचं का?

युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे पूरक कराराच्या, ५०व्या कलमात फार साधा नियम आहे: माणूस लढणारा आहे की नाही अशी शंका असेल, तर त्याला नागरिक धरावं. हा प्रोटोकॉल अमेरिकेने मंजूर केलेला नाही, भारतानेही नाही. पण मला जास्त काळजी वेगळीच वाटते. हा नियम शंकेवर उभा आहे, आणि समोरची स्क्रीन शंकाच उरू देत नाही.

ड्रोनच नको असं माझं म्हणणं नाही. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि माझा आतेभाऊ सैन्यात आहे. तो डोंगराच्या वळणापलीकडे जाण्याआधी एखादा ड्रोन पुढे जाऊन बघत असेल, तर मी हात जोडीन. महापेच्या औद्योगिक वसाहतीतली आयडियाफोर्ज आपल्या लष्करासाठी टेहळणीचे ड्रोन बनवते, त्या रस्त्याने जाताना मला अभिमान वाटतो. मे २०२५ मध्ये, ८ तारखेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या रात्री कुणी नीट झोपलं नाही. ते ड्रोन पाडणाऱ्यांचे उपकार आहेतच. आपण सुरक्षित राहावं असं मलाही वाटतं, आणि म्हणूनच पलीकडच्या अंगणातलं मूलही दिसलं पाहिजे असं वाटतं.

दिसूनही मारलं जातं, हेही मला माहीत आहे. युक्रेनच्या खेरसन भागात रशियाचे ड्रोनचालक पायी चाललेल्या, गाडीतून जाणाऱ्या साध्या माणसांचा पाठलाग करून त्यांच्यावर बॉम्ब टाकत होते, रुग्णवाहिकाही सोडल्या नाहीत, आणि त्याचे व्हिडिओ टेलिग्रामवर टाकले जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. तिथे चूक झालीच नव्हती. तिथल्या नेमाला कुणी ‘अचूक’ म्हटलं तर?

आता तर माणूस निवडण्याचं कामही यंत्राकडे जातं आहे. माझ्या साध्या ड्रोनमध्येही एक सोय आहे. स्क्रीनवर नवरीभोवती बोटाने चौकट आखली की ड्रोन आपोआप तिच्या मागे जातो. गेल्या हिवाळ्यात घोडबंदरच्या एका लॉनवर नवरी मांडवाकडे निघाली, मध्ये करवली आली. तिचाही शालू हिरवा आणि काठ तसाच. चौकट अलगद सरकून करवलीवर गेली आणि ड्रोन तिच्या मागे निघाला. चौकट थरथरली नाही, रंग बदलला नाही, यंत्राला काही चुकल्याचं कळलंच नाही. मला नवरी माहीत होती म्हणून मी कंट्रोलर हातात घेऊन ड्रोन वळवला. युद्धातली यंत्रं माझ्या ड्रोनपेक्षा कितीतरी पुढची असणार. पण कंट्रोलर धरणारं कुणीच नसेल, तर करवली कोण आणि नवरी कोण हे सांगणार कोण? आणि चूक झाल्यावर कोर्टात उभं कुणाला करायचं? काबूलमध्ये निदान बटण दाबणारी माणसं होती, तरी कुणाला शिक्षा झाली नाही.

एका लग्नात ड्रोन उडवायचा तर मला सरकारमान्य प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ड्रोनवर त्याचा नोंदणी क्रमांक लागतो, नकाशात हिरवा-पिवळा-लाल विभाग बघावा लागतो. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून तर दहादा बघावा लागतो. २०२१च्या ड्रोन नियमांत हे सगळं आहे आणि ते योग्यच आहे. पण माणूस स्वतः निवडून मारणाऱ्या यंत्रासाठी जगात अजून एकही स्वतंत्र करार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा शस्त्रांबद्दलच्या ठरावावर मतदान झालं. बाजूने १५२ मतं पडली, विरोधात फक्त चार: रशिया, बेलारूस, माली आणि भारत. ही चर्चा जिनिव्हातल्या ठरलेल्या मंचावरच व्हावी, अशी आपली भूमिका आहे. तिच्यामागे कारणं असतील, शेजारी कसे आहेत हे मलाही कळतं. पण हे मत आपल्या नावाने पडलं आणि त्यावर आमच्या ठाणे-नवी मुंबईत एक सभा झालेली मी ऐकली नाही, एका खासदाराने बोललेलं ऐकलं नाही. आपल्या अंकातही ती बातमी मला आठवत नाही. माझ्या नजरेतून सुटली असेल तर क्षमा करावी.

म्हणून दोन विनंत्या आहेत. मृतांची ओळख पटेपर्यंत मथळ्यात ‘अचूक’ घालू नये. ‘ड्रोन हल्ल्यात इतके ठार, ओळख पटलेली नाही’ एवढं पुरे. आणि ती बातमी दुसऱ्या दिवशी सोडून देऊ नये. काबूलचं खरं बाहेर यायला १९ दिवस लागले, तोवर पहिला मथळा लोकांच्या मनात घर करून बसला होता.

दुसरी विनंती खासदारांबद्दल. ठाणे जिल्ह्यातले खासदार आपल्या कार्यालयात मुलाखतीला येतात. पुढच्या वेळी त्यांना हा एक प्रश्न विचारावा: शेवटचा निर्णय माणसाचाच असेल आणि त्या माणसाचं नाव नोंदलेलं असेल, असा कायदा आपल्या देशापुरता तरी करायला तुम्ही तयार आहात का? त्यांनी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं छापावं.

कळावे.

आपला,
एक ड्रोनचालक वाचक,
कळवा, ठाणे